आधी खुंटी, मग मणी

गाण्याच्या बैठकीस आपण थोडे लवकर पोचलो, तर मैफलीपूर्वीचा एक छोटासा विधी पाहावयास मिळतो. तो म्हणजे तंबोरा जुळविण्याचा. वादक प्रथम खुंटी पिळतो. तार कुठे ढिली, कुठे ताणलेली असते, ती हळूहळू अपेक्षित स्वराच्या शेजारी येऊन उभी राहते. मग तो घोडीपलीकडे ओवलेल्या मण्याला बोट लावतो आणि तो केसभर इकडे वा तिकडे सरकवून स्वर नेमका करतो. खुंटीचे काम ढोबळ, मण्याचे काम सूक्ष्म. तार स्वरापासून फार दूर असताना कोणी केवळ मण्याच्या भरवशावर ती जुळवू म्हणेल, तर मणी सरकत सरकत टोकाला जाऊन अडकेल आणि तंबोरा बेसूरच राहील.

आजचा माझा विषय गायनाचा नाही, मोटारसायकलच्या इंजिनाचा आहे. तरीही हा तंबोरा मी मुद्दाम बरोबर आणला आहे. कारण इंजिनाला पेट्रोल किती द्यावयाचे, हे ठरविण्याच्या आजच्या पद्धतीत खुंटीही आहे आणि मणीही आहे. या दोहोंचे काम वेगळे आहे हे न ओळखल्यामुळे एका उमद्या तरुणाचा जीव घाटात धोक्यात आला, आणि त्या चुकीत माझाही वाटा होता. ती हकीकत मी पुढे सांगणारच आहे. परंतु त्याआधी थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे.

माझे उभे आयुष्य बेळगावच्या उद्यमबागेत लेथच्या शेजारी गेले. आमच्या तरुणपणी मोटारसायकलला कार्ब्युरेटर असे. हवेच्या वाटेत एक अरुंद गळा, त्यात पितळी जेट, आणि हवेच्या ओढीने त्यातून वर येणारे पेट्रोल, एवढाच त्याचा संसार. पेट्रोल कमी पडले तर मोठा जेट घालावा, जास्त झाले तर सुई एक खाच खाली सोडावी, आणि प्लग काढून त्याचा रंग पाहावा. स्क्रू-ड्रायव्हर आणि चांगला कान एवढ्या भांडवलावर मिस्त्री नावारूपाला येई. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे धूरनियम लागू झाले आणि त्यानंतर नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. त्याची जागा इंजेक्टरने घेतली. इंजेक्टर ही विजेवर उघडझाप करणारी एक बारीक तोटी असते. ती किती वेळ उघडी ठेवावयाची, हे एक छोटा संगणक ठरवितो. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या एकसिलिंडरी, चार टप्प्यांच्या इंजिनात ही तोटी सेकंदाला २५ वेळा उघडते आणि मिटते. ५०० घन सेंटिमीटरच्या आसपासच्या इंजिनाला पूर्ण जोर लावताना प्रत्येक खेपेस लागणारे पेट्रोल सुमारे ४० मिलिग्रॅम असते. हिशेब असा चिमटीचिमटीचा आहे.

हा हिशेब संगणक कोठून आणतो? त्याच्यापाशी एक कोष्टक असते. मिस्त्री लोक त्याला मॅप म्हणतात, म्हणजे नकाशा. पण खरे पाहता ते शाळेतल्या पाढ्यांच्या तक्त्यासारखे कोष्टकच आहे. आडव्या ओळीवर इंजिनाचे मिनिटाचे फेरे मांडलेले असतात, तर उभ्या ओळीवर थ्रॉटल किती उघडला आहे किंवा हवेच्या नळीतील दाब किती आहे, याचे आकडे. दोन्हीकडे सोळा-सोळा आकडे धरले, तर आत २५६ घरे होतात. प्रत्येक घरात एक संख्या लिहिलेली असते आणि ती सांगते की या फेऱ्यांवर, एवढ्या थ्रॉटलवर सिलिंडरमध्ये इतकी हवा शिरते, तेव्हा तोटी इतका वेळ उघडी ठेव. मोटारसायकल चालत असताना संगणक या घरातून त्या घरात क्षणोक्षणी फिरत असतो.

आता हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण पाहू. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्णपणे जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. याहून पेट्रोल जास्त झाले की मिश्रण ‘रिच’ झाले असे म्हणतात, कमी झाले की ‘लीन’. संथ चालीला १४.७ च्या आसपासचे प्रमाण ठीक असते. परंतु पूर्ण जोर काढावयाचा असेल तर इंजिन थोडे रिच, म्हणजे साडेबारा ते तेरा एवढे प्रमाण मागते. त्यात शक्तीही अधिक मिळते आणि जादा पेट्रोल पिस्टनचा माथा थंड ठेवण्यास हातभार लावते. रिच मिश्रणाने पेट्रोल वाया जाते, प्लग काजळतो, धूर वाढतो. पूर्ण जोरावर लीन मिश्रण झाले तर मात्र पिस्टन तापतो, इंजिन आतून टकटकू लागते, आणि ही टकटक चालू राहिली तर धातू वितळतो. पहिल्या चुकीची किंमत पैशांत मोजता येते. दुसरीची नेहमीच तशी मोजता येईल असे नाही.

कारखान्यातून गाडी निघते तेव्हा तिचा मॅप तिच्याच इंजिनासाठी बनविलेला असतो. हवेची गाळणी मोकळी केली, सायलेन्सर बदलला, कॅम बदलली किंवा सिलिंडरचा बोअर वाढविला, की सिलिंडरमध्ये शिरणारी हवा बदलते आणि जुना तक्ता खोटा ठरतो. मग नवा मॅप हवा. तो घराघरातून अचूक भरावयाचा तर गाडी डायनोवर, म्हणजे चाकाखाली रूळ असलेल्या शक्तिमापक यंत्रावर, तासन्‌तास चालवावी लागते. ती सोय सर्वत्र नाही आणि स्वस्तही नाही. यावर तोडगा म्हणून स्वयंजुळणी करणारे संगणक बाजारात आले. सायलेन्सरच्या नळीत प्राणवायू मोजणारा एक सेन्सर बसवितात. मोटारगाड्यांत असा सेन्सर प्रथम १९७६ साली आला. मूळचा साधा सेन्सर मिश्रण नेमक्या प्रमाणाच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढेच सांगतो. स्वयंजुळणीला लागणारा ‘वाइडबँड’ सेन्सर किती अलीकडे, किती पलीकडे, हेही सांगतो. संगणक हा आकडा वाचतो, हव्या असलेल्या प्रमाणाशी ताडून पाहतो, आणि त्या घरातील संख्या थोडी वाढवितो किंवा घटवितो. चालवता चालवता तक्ता आपोआप सुधारत जातो. म्हणजे मणी आपला आपण सरकतो.

हे वर्णन ऐकताच मनात येते की मग आरंभीचा मॅप कोणता का असेना! यंत्र शिकतेच आहे. आज ना उद्या बरोबर जागी येईल. नेमका हाच विचार आमच्या मनात आला आणि तेथेच आम्ही फसलो.

माझ्या एका स्नेह्याचा मुलगा, शिक्षणाने इंजिनिअर, गाडीचे भारी वेड असलेला. त्याच्याजवळ रॉयल एन्फील्डची ४९९ घन सेंटिमीटरची मोटारसायकल होती, ८४ मिलिमीटर बोअरची आणि ९० मिलिमीटर स्ट्रोकची. उत्तम स्थितीत असलेली गाडी. पण तरुणपणी उत्तमावर समाधान कोणाचे होते? त्याने ब्लॉक बदलून ८७ मिलिमीटरचा पिस्टन घातला. स्ट्रोक तोच राहिल्याने इंजिन ५३५ घन सेंटिमीटरचे झाले. जोडीला मोकळी गाळणी, मोकळा सायलेन्सर आणि स्वयंजुळणीचा स्वतंत्र संगणक आला. संगणकाबरोबर तयार मॅपांची एक यादी होती. तिच्यात ५३५ च्या इंजिनासाठी म्हणून एक मॅप होता आणि त्याच्या नावातच शर्यतीचा उल्लेख होता. त्याने मला विचारले, “काका, हाच घेऊ ना? आपलं इंजिन ५३५ चंच आहे.” मीही मान डोलावली. यादीतील नावापुढची बारीक टीप आम्हां दोघांपैकी एकानेही वाचली नाही.

गाडी सुरू झाली. पहिल्या दिवशी थोडी अडखळली, मग सुधारत गेली. आठवडाभर तो शहरात आणि महामार्गावर फिरला. आकडे तपासले तेव्हा ज्या ज्या घरांतून गाडी गेली होती, त्या त्या घरांत यंत्राने पेट्रोल १५ टक्क्यांनी वाढविले होते. इथे १५, तिथे १५, सगळीकडे १५. आम्हांला कौतुक वाटले की यंत्र किती मन लावून शिकते आहे! १५ टक्के हीच त्या यंत्राला घालून दिलेली कमाल मर्यादा होती, आणि मणी टोकाला जाऊन अडकला होता, हे लक्षात यावयास हवे होते. ते आले नाही.

पुढच्या रविवारी तो जांबोटी, कणकुंबीच्या वाटेने चोर्ला घाट उतरून गोव्यास गेला. परत येताना केरी सोडल्यावर चढण लागली. मागे मित्र बसलेला, दुपारचे ऊन, आणि पुढे रिकामा रस्ता. त्याने थ्रॉटल पूर्ण उघडला. ही कोष्टकातील वरची घरे होती आणि आठवडाभरात गाडी त्यांत एकदाही शिरली नव्हती. तेथे यंत्र काहीच शिकलेले नव्हते. थोड्याच वेळात इंजिनातून टकटक येऊ लागली. वाऱ्याच्या आवाजात ती त्याला नीट कळली नाही. एका वळणाच्या तोंडाशी पिस्टन सिलिंडरमध्ये आवळला आणि मागचे चाक जागीच अडकले. हात सवयीने क्लचवर गेला म्हणून चाक सुटले आणि दोघेही रस्त्याच्या कडेला उभे राहू शकले. कडेच्या पलीकडे दरी होती.

संध्याकाळी गाडी टेम्पोतून आली. ब्लॉक उतरविला. पिस्टनच्या माथ्याची एक कड वितळली होती, वरची रिंग खाचेतच चिकटली होती आणि सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे उठले होते. मी ते बघत असताना मुलाची आई दारात उभी होती. ती एवढेच म्हणाली, “भाऊजी, गाडी नीट झाली नाही तरी चालेल. तो घरी नीट आला पाहिजे.” या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून मी त्या रात्री ती बारीक टीप वाचावयास बसलो.

टीप अशी होती की तो मॅप २० टक्के मोठ्या इंजेक्टरसाठी बनविलेला आहे. आमचा इंजेक्टर मूळचाच होता. मोठी तोटी तेवढेच पेट्रोल कमी वेळात देते, म्हणून त्या तक्त्यातील वेळ कमी लिहिलेला. तोच वेळ लहान तोटीला दिला की पेट्रोल १०० ऐवजी ८३ भागच मिळणार. शिकलेल्या घरांत यंत्राने १५ टक्के भर घातली, तेव्हा ८३ चे ९५-९६ झाले. गाडी बरी चालते असे वाटण्यास तेवढे पुरेसे होते. न शिकलेल्या घरांत मात्र ८३ च राहिले. जेथे १२.८ चे प्रमाण हवे होते, तेथे १५.४ चे मिळाले, तेही पूर्ण जोरावर, चढणीवर, दोन माणसांच्या ओझ्याखाली आणि वाऱ्याने थंड होणाऱ्या इंजिनात. पिस्टन वितळला यात नवल ते काय? यंत्राने आपले काम चोख केले होते. खोट आमच्या निवडीत होती, आणि ती निवड चुकीची आहे हे यंत्राच्या मेहनतीनेच आमच्यापासून झाकून ठेवले होते.

या अनुभवातून मॅप निवडण्याचा जो क्रम माझ्या मनात पक्का झाला, तो आता सांगतो. पहिला प्रश्न इंजेक्टरचा आणि पेट्रोलच्या दाबाचा. मॅप ज्या इंजेक्टरसाठी लिहिला, तोच आपल्या गाडीत असला पाहिजे. येथे ‘जवळपास’ चालत नाही. दुसरा प्रश्न थ्रॉटल बॉडीच्या व्यासाचा, कारण तोंड मोठे असेल तर अर्ध्या थ्रॉटललाही वेगळीच हवा आत जाते. तिसरा कॅमचा. व्हॉल्व्ह केव्हा उघडतात, किती वेळ उघडे राहतात, यावर कोणत्या फेऱ्यांना सिलिंडर चांगला भरतो आणि कोणत्या फेऱ्यांना उपाशी राहतो, हे ठरते. म्हणजे तक्त्याचा सगळा चढउतार कॅम ठरविते. चौथा प्रश्न घनफळाचा आणि कॉम्प्रेशनचा. गाळणी आणि सायलेन्सर शेवटी.

घनफळ चौथे कसे, असे कोणी विचारील. हिशेब करून पाहा. ४९९ वरून ५३५ वर गेल्याने हवा सरासरी सात टक्क्यांनी वाढते, आणि सात टक्क्यांची भर स्वयंजुळणी सहज घालू शकते. तेव्हा आमच्या इंजिनाला ‘५३५’ असे नाव मिरविणाऱ्या त्या मॅपपेक्षा, मूळ इंजेक्टरचा ‘४९९’ चा साधा मॅप कितीतरी अधिक मानवला असता. नावाने जवळचा तो पोटाने दूरचा होता, आणि नावाने दूरचा तो शेजारचा होता. सोयरीक जमविताना जशी आपण आडनावापेक्षा माणसे पाहतो, तसेच येथेही यादीतील नावापेक्षा आतील सामग्री पाहावी.

दोन मॅप सारखेच जवळचे वाटले, तर ज्यात पेट्रोल थोडे अधिक आहे तो घ्यावा. रिचकडून खाली येणे सुरक्षित आहे. लीनकडून वर चढणे म्हणजे विस्तवावरून चालत जाणे होय.

येथे आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. मॅपात पेट्रोलच्या कोष्टकाखेरीज ठिणगीचेही कोष्टक असते. पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पाडावी, हे ते सांगते. प्राणवायूचा सेन्सर पेट्रोलचा हिशेब तपासतो. ठिणगीचा तपासू शकत नाही. म्हणून बहुतेक स्वयंजुळण्या ठिणगीला हात लावीत नाहीत. आरंभीच्या मॅपमध्ये ठिणगी फार आधी पडत असेल, तर शंभर दिवस गाडी चालवली तरी ती तशीच पडत राहणार. यास्तव मॅप आपल्या इंजिनाइतक्या किंवा त्याहून अधिक कॉम्प्रेशनसाठी बनविलेला असावा. अधिक कॉम्प्रेशनच्या मॅपमध्ये ठिणगी थोडी उशिराची असते; त्यात थोडी शक्ती जाईल, पण पिस्टन राहील.

मॅप निवडला, आता शिकवणीची पद्धत. प्रथम इंजिन निरोगी आहे याची खात्री करावी. व्हॉल्व्हची फट, प्लग आणि पेट्रोलची गाळणी पाहावी. सायलेन्सरचा सांधा तर अवश्य तपासावा. तो गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटते मिश्रण लीन आहे, आणि यंत्र भरल्या पोटी आणखी वाढू लागते. ठिणगी हुकली तरी असेच होते, कारण न वापरलेला प्राणवायू तसाच बाहेर येतो. मोठ्या कॅमच्या इंजिनात मंद फेऱ्यांना ताजी हवा न जळताच सायलेन्सरमध्ये निसटते. तेथील सेन्सरची साक्ष जपूनच घ्यावी. यंत्र सेन्सरवर विश्वास ठेवते, म्हणून सेन्सरला खोटे बोलण्याचा प्रसंगच येऊ देता कामा नये.

नंतर इंजिन चांगले तापल्यावर गाडी एकेका घरात काही सेकंद स्थिर ठेवून चालवावी. जळलेला वायू सेन्सरपर्यंत पोचण्यास वेळ लागतो. सारखी रेस कमीजास्त करणाऱ्याच्या गाडीत एका घराचा दोष दुसऱ्या घराच्या माथी बसतो. आरंभी खालची घरे, मग मधली. पूर्ण थ्रॉटलच्या वाटेस जाण्यापूर्वी थांबून तक्ता उघडून पाहावा. शेजारच्या घरांत यंत्राने आठ टक्के भर घातली असेल, तर वरच्या, न पाहिलेल्या घरांतही तेवढी भर आपल्या हाताने घालावी आणि मगच तेथे पाऊल टाकावे. आम्ही हे एक काम केले असते, तरी चोर्ल्याचा प्रसंग बराच सौम्य झाला असता. प्रत्येक फेरीनंतर तक्त्याची प्रत तारीख घालून जपावी. दुरुस्त्या दोन-तीन टक्क्यांच्या आत आल्या की शिकवणी पुरी झाली असे समजावे.

दुरुस्त्यांचे आकडे हे वैद्याच्या नाडीसारखे असतात. सर्व घरांत सारखीच भर पडली असेल, तर दोष इंजेक्टरच्या निवडीत किंवा पेट्रोलच्या दाबात. फक्त कमी थ्रॉटलच्या घरांत भर पडली असेल, तर इंजिनाकडे जाणाऱ्या हवेच्या नळीत गळती असण्याचा संभव. एका घरात अधिक आणि शेजारच्यात उणे असे विस्कळित आकडे आले, तर ठिणगी, सेन्सर किंवा चालविणाऱ्याचा हात यांपैकी काहीतरी अस्थिर आहे. आणि आकडा मर्यादेला टेकला असेल, तर तेथेच थांबावे. मणी सोडून खुंटीकडे वळावे.

आपल्या भागापुरत्या दोन गोष्टी. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच आहे; येथील हवा पणजीच्या हवेपेक्षा सुमारे सात टक्के विरळ. ज्या संगणकाला हवेचा दाब मोजता येतो, तो हा फरक स्वतः सांभाळतो. ज्याला येत नाही, त्याला बेळगावात शिकविलेला धडा गोव्यात उतरताच लीन पडतो. इंदूर, हैदराबाद हीदेखील उंचावरची शहरे, वडोदरा सखल. तेव्हा गाव बदलणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. दुसरी गोष्ट पेट्रोलची. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र मिळते. इथेनॉलला जळण्यास वजनाच्या नऊ पटच हवा लागते; त्यामुळे या मिश्रणाचे नेमके प्रमाण १४.७ नसून सुमारे साडेतेरा आहे. शुद्ध पेट्रोलसाठी लिहिलेला जुना मॅप या पेट्रोलवर सुमारे सात टक्के लीन चालतो. मॅप कोणत्या पेट्रोलसाठी लिहिला आहे, हेही विचारलेच पाहिजे.

आणि एक प्रश्न जो आम्ही सर्वांत आधी विचारावयास हवा होता, तो कायद्याचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे सांगते की नोंदणीपत्रात नमूद असलेल्या मूळ तपशिलाहून गाडी वेगळी होईल असा फेरफार मालकाने करू नये. इंजिनाचे घनफळ हा त्याच तपशिलाचा भाग आहे. शर्यतीच्या बंद मैदानावर जे शोभते, ते सार्वजनिक रस्त्यावर चालेलच असे नाही.

त्या तरुणाने यातून योग्य तो बोध घेतला. मूळचा ८४ मिलिमीटरचा ब्लॉक आणि मूळचा सायलेन्सर परत चढविला. मोकळी गाळणी आणि संगणक तेवढे राहिले. यावेळी आम्ही यादी घेऊन एक अख्खी संध्याकाळ बसलो, आणि मूळ इंजेक्टरचा, मूळ कॅमचा, अगदी साध्या नावाचा मॅप निवडला. पहिल्या आठवड्याच्या दुरुस्त्या उणे तीन ते अधिक सहा टक्के यांच्या आत होत्या. कुठे वर, कुठे खाली, इंजिनाच्या स्वभावाप्रमाणे. वरची घरे आम्ही हाताने भरली आणि मगच तो तेथे गेला. तीन आठवड्यांत तक्ता स्थिर झाला. मग एका सकाळी तो पुन्हा गोव्याला गेला. दुपारनंतर मी फोनजवळच बसून होतो. पाचच्या सुमारास घंटा वाजली. “काका, कणकुंबीत चहा घेतोय. घाट चढून आलो.” मागे इंजिनाचा संथ, एकसारखा ठेका ऐकू येत होता.

श्रोतेहो, शिकणारे यंत्र ही मोठी सोय आहे; तिचा मी विरोधक नाही. परंतु शिकणाऱ्याला पहिला धडा कोणता द्यावयाचा, ही जबाबदारी शिकविणाऱ्याचीच राहते. आपल्या घरातील एखादा तरुण अशी यादी समोर ठेवून बसला असेल, तर त्याच्या शेजारी घटकाभर बसा आणि बारीक अक्षरांतील टीप त्याला मोठ्याने वाचावयास सांगा. आधी खुंटी, मग मणी.